ऑनलाइन पिरॅमिड योजना

ऑनलाइन पिरॅमिड योजना म्हणजे संकेतस्थळ, मोबाइल ॲप किंवा समाजमाध्यमांवरील गट यांच्या आधारे चालवली जाणारी अशी पैशांची साखळी, जिच्यात जुन्या सदस्यांना मिळणारा परतावा मुख्यतः नव्या सदस्यांनी भरलेल्या रकमेतून दिला जातो. बोलीभाषेत अशा योजनांना 'चेन', 'साखळी', 'नेटवर्क' किंवा 'जॉइनिंगचे काम' असे म्हटले जाते. भारतात या प्रकारच्या योजना चालवणे, त्यांत सदस्य म्हणून नाव नोंदवणे आणि त्यांच्यासाठी पैसे घेणे-देणे या सर्वांवर १९७८ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आहे. महाराष्ट्रात २०१० नंतर स्पीक एशिया, गेनबिटकॉइन आणि टोरेस ही या स्वरूपाची मोठी प्रकरणे उघडकीस आली. त्यांपैकी टोरेसचे एक दालन कल्याण येथे होते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांचा बाजारहाट, शिक्षण आणि नोकरीनिमित्त कल्याणशी नित्याचा संबंध असतो.

== स्वरूप ==

पिरॅमिड योजनेत सदस्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रवेशाची रक्कम भरणे ही पहिली आणि आपल्याखाली नवे सदस्य जोडणे ही दुसरी. जोडणाऱ्याला 'अपलाइन' आणि जोडल्या गेलेल्यांना 'डाउनलाइन' म्हणतात. काही योजनांत प्रत्येकाच्या खाली 'डावी' व 'उजवी' अशा दोनच बाजू असतात आणि दोन्ही बाजू समान भरल्या तरच कमिशन मिळते. सदस्याची एक बाजू भरते आणि दुसरी अपुरी राहते, असे या रचनेत वारंवार घडते. मग दुसरी बाजू भरण्यासाठी तो भाऊ, मेहुणा, वर्गमित्र यांची नावे स्वतःच्याच पैशाने नोंदवतो. कमिशन मिळवण्यासाठी केलेला हा खर्च त्याच्या हिशेबात तोटा म्हणून धरला जात नाही, त्यामुळे आपण कमावत आहोत असा समज बराच काळ टिकतो.

पाँझी योजना हा याच्या जवळचा पण वेगळा प्रकार आहे. चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे टपालाच्या उत्तर-कूपनांच्या व्यापारातून ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या. त्याचे नाव या प्रकाराला पडले. पाँझी योजनेत गुंतवणूकदाराने माणसे जोडण्याची अट नसते. तो पैसे ठेवतो आणि चालक नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज भागवतो. आजच्या बहुतेक ऑनलाइन योजनांत दोन्हींचे मिश्रण आढळते. ठेवीवर ठरावीक परतावा मिळतो आणि नवा गुंतवणूकदार आणल्यास वर बोनस मिळतो. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. कोणता कायदा लागू होतो हे त्यावर ठरते.

ग्रामीण भागातील भिशीशी या योजनांची तुलना अनेकदा केली जाते आणि योजनेचे प्रचारकही 'ही मोठी भिशीच आहे' असे सांगतात. प्रत्यक्षात दोन्हींची रचना विरुद्ध आहे. भिशीत ठरावीक माणसे दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि ती रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. बारा जणांची भिशी बारा महिन्यांत संपते, प्रत्येकाने जेवढे भरले तेवढेच त्याला मिळते आणि बाहेरच्या तेराव्या माणसाची गरज कधीच पडत नाही. भिशीतही कोणी हप्ता बुडवू शकतो, परंतु तो दोष माणसाचा असतो. पिरॅमिड योजनेत सगळे सदस्य प्रामाणिक असले तरी ती बुडते. महिला बचत गटांचे स्वरूपही भिशीप्रमाणे मर्यादित सदस्यांचे असते. गटातील शिल्लक बाहेरच्या 'दुप्पट' योजनेत टाकली गेल्यास मात्र एका निर्णयाने सर्व सदस्यांची बचत धोक्यात येते.

== साखळीचे गणित ==

प्रत्येक सदस्याने फक्त सहा जण जोडायचे, अशी योजना धरली तर पहिल्या थरात ६, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात २१६, चौथ्यात १,२९६, पाचव्यात ७,७७६, सहाव्यात ४६,६५६ आणि सातव्यात २,७९,९३६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे पाच लाख होती. म्हणजे सातवा थर भरायचा तर पाळण्यातील बाळांसह दोन तालुक्यांतील निम्म्याहून अधिक लोक त्या एकाच थरात बसवावे लागतील. आठव्या थराला १६,७९,६१६ माणसे लागतात. ही संख्या दोन्ही तालुक्यांच्या लोकसंख्येच्या तिप्पट आहे. प्रत्येकाने आपले सहा जण महिन्याभरात जोडले, तर गुढीपाडव्याला सुरू झालेली साखळी दिवाळीच्या सुमारास माणसे संपल्याने थांबेल.

साखळी तालुक्यापुरती राहत नाही, ती पुढे नाशिक, पुणे, मुंबईकडे जाते, असे यावर सांगितले जाते. तसे झाले तरी मुदत फारशी वाढत नाही. बाराव्या थराला २१७ कोटींहून अधिक माणसे लागतात आणि तेवढी भारताची लोकसंख्या नाही.

साखळी ज्या थरावर थांबते त्या थरातील कोणालाच खाली माणसे मिळालेली नसतात. सहाच्या साखळीत हा शेवटचा थर एकूण सदस्यांच्या पाच षष्ठांश, म्हणजे सुमारे ८३ टक्के असतो. दोनाच्या साखळीतही तो नेहमी निम्म्याहून अधिक असतो. चालकाचा हेतू काहीही असला तरी बहुसंख्य सदस्यांचा तोटा हा योजनेच्या रचनेतच ठरलेला असतो. 'लवकर आलेल्यांना फायदा होतो' हे प्रचारकांचे विधान खरेच आहे. तो फायदा उशिरा आलेल्यांच्या भरण्यातूनच येतो, हा त्याचा न सांगितला जाणारा भाग.

== महाराष्ट्रातील प्रकरणे ==

=== स्पीक एशिया ===

सिंगापूर येथे नोंदणी असलेल्या स्पीक एशिया ऑनलाइन या कंपनीने २०१० मध्ये भारतात विस्तार केला. ११,००० रुपये भरून सदस्य झालेल्या व्यक्तीला आठवड्यातून दोन ऑनलाइन सर्वेक्षणे भरायची असत व प्रत्येकी ५०० रुपये मिळत. वर्षाला हे ५२,००० रुपये होतात. याशिवाय नवे सदस्य जोडल्यास वेगळे कमिशन होते. घरबसल्या संगणकावर काम, अशी जाहिरात असल्याने निमशहरी भागांतील शिक्षित तरुण व गृहिणी मोठ्या संख्येने सदस्य झाल्या.

या आकड्यांतच योजनेचा शेवट लिहिलेला होता. ११,००० भरणाऱ्याला वर्षात ५२,००० द्यायचे असतील आणि सर्वेक्षणे विकत घेणारा ग्राहक नसेल, तर एका सदस्यामागे दरवर्षी जवळपास पाच नवे सदस्य लागतात. त्यात कंपनीचा खर्च आणि कमिशन धरलेले नाही. सर्वेक्षणाचे ग्राहक म्हणून ज्या नामांकित कंपन्यांची नावे घेतली जात, त्यांपैकी काहींनी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. मे २०११ मध्ये वृत्तवाहिन्यांनी प्रश्न उपस्थित केल्यावर परतावे थांबले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने त्याच वर्षी कारवाई सुरू केली व वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक केली. सदस्यांचे पैसे परत मिळण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांना मध्यस्थ नेमले होते. मुख्य सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला २०१३ मध्ये अटक झाली. जमा झालेली रक्कम दोन हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते.

या काळात अनेक सदस्य कंपनीच्या बाजूने उभे राहिले आणि कारवाईमुळेच पैसे अडकल्याचे सांगत राहिले. अशा योजनांत हे नेहमी दिसते. ज्याने वीस नातेवाइकांना जोडले आहे त्याला योजना खोटी असल्याचे मान्य करणे म्हणजे त्या वीस घरांना तोंड देणे असते.

=== टोरेस ===

प्लॅटिनम हर्न या कंपनीने २०२४ च्या सुरुवातीस मुंबईत दादर येथे 'टोरेस' नावाचे दागिन्यांचे दालन उघडले. नंतर कल्याण, मीरा रोड, सानपाडा, कांदिवली आदी ठिकाणी दालने निघाली. मोयसनाइट हा कृत्रिम खडा विकत घेणाऱ्याला आठवड्याला सहा टक्के आणि पुढे त्याहून अधिक परतावा देण्यात येत असे. नवा ग्राहक आणणाऱ्यास बोनस मिळे आणि सोडतीत मोटारी दिल्या जात. परतावा ॲपवर दिसत असे व सुरुवातीला वेळेवर खात्यात जमाही होत असे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तो थांबला. ६ जानेवारी २०२५ रोजी दालने बंद आढळली व दादरच्या इमारतीसमोर गुंतवणूकदारांची गर्दी झाली. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात भाजीविक्रेत्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. युक्रेनच्या काही नागरिकांवर मुख्य आरोपी म्हणून संशय आहे. फसवणूक झालेल्यांत दादर बाजारातील लहान विक्रेत्यांची संख्या मोठी होती.

बँक मुदत ठेवीवर वर्षभरात जेवढा दर देते, जवळपास तेवढा टोरेस आठवड्याला देत होती. एक लाख रुपये गुंतवणाऱ्याला आठवड्याला ६,००० रुपये मिळाले तर सतराव्या आठवड्यात त्याचे मुद्दल त्याच्याकडे परत येते. त्यानंतरचा प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी मुद्दलातून येतो. पहिल्या सतरा आठवड्यांत मिळालेले पैसे हा नफा नव्हे, ती स्वतःच्याच रकमेची हप्त्याने परतफेड होय. हे लक्षात न आल्याने अनेकांनी मिळालेली रक्कम पुन्हा गुंतवली.

=== इतर प्रकरणे ===

गेनबिटकॉइन योजनेत आभासी चलन जमा करणाऱ्यास दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे आश्वासन होते व सदस्य जोडणाऱ्यांची उतरंड होती. पुढे परतावा मूळ चलनाऐवजी कंपनीच्या स्वतःच्या, बाजारात फारशी किंमत नसलेल्या चलनात देण्यात आला. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. नाशिक येथील केबीसी मल्टिट्रेड प्रकरणात २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले. परदेशात गेलेल्या मुख्य आरोपीला २०१६ मध्ये मुंबई विमानतळावर अटक झाली. क्यूनेट या विपणन साखळीविरुद्ध मुंबईत २०१३ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. कंपनीने आपला व्यवसाय थेट विक्रीचा असल्याचे सांगत आरोप नाकारले.

महाराष्ट्राबाहेरच्या दोन प्रकरणांचे स्वरूप ॲपवरील आजच्या योजनांशी जुळते. नोएडातील सोशल ट्रेड (२०१७) ही योजना समाजमाध्यमांवरील प्रत्येक 'लाइक'मागे पाच रुपये देत असे. २०२१ मध्ये उघडकीस आलेले पॉवर बँक हे ॲप पंधरा दिवसांत पैसे दुप्पट करण्याचे आमिष दाखवत असे. अशा योजनांचा परिणाम एका देशाच्या पातळीवर किती होऊ शकतो हे अल्बानियात दिसले. १९९७ मध्ये तेथील योजना कोसळल्यावर सशस्त्र उठाव झाला व सुमारे दोन हजार लोक मृत्युमुखी पडले.

== ग्रामीण भागातील प्रसार ==

शहापूर व मुरबाड तालुक्यांत शेती मुख्यतः पावसाळी भाताची आहे. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे, विशेषतः कातकरी समाजातील, वीटभट्ट्यांवर जातात. शहापूरमधील अनेक तरुण कसारा लोकलने कल्याण-ठाण्याकडे कंत्राटी कामाला जातात, तर मुरबाडकडील एसटी किंवा जीपने कल्याण गाठतात. कायम नोकरी दुर्मीळ असलेल्या अशा भागात 'पार्ट टाइम काम' या शब्दांचे आकर्षण मोठे असते. दुसरीकडे, जमीन विकलेल्या किंवा प्रकल्पासाठी दिलेल्या कुटुंबाच्या हाती एकदाच मोठी रक्कम येते. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला असून त्यासाठी शेतकऱ्यांकडून थेट खरेदीने जमिनी घेण्यात आल्या. अशी रक्कम बँकेत जमा झाल्याची बातमी गावात लपत नाही आणि दुप्पट करून देणारे त्या घरी सर्वांत आधी पोहोचतात.

योजना ऑनलाइन असली तरी गावात ती माणसामार्फतच येते. ॲपचे नाव सांगणारा बहुधा भावकीतला, शाळेतला मित्र किंवा गावचाच कामकरी तरुण असतो. सेमिनार मात्र तालुक्याच्या किंवा कल्याणच्या सभागृहात होतात. तेथे धनादेश मिळालेल्यांचा सत्कार होतो, मोटारीच्या चाव्या दिल्या जातात आणि पैसे न गुंतवणाऱ्याला भित्रा ठरवले जाते. नंतरचे सगळे व्यवहार व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात आणि यूपीआयने होतात. शंका विचारणाऱ्याला गटातून काढून टाकले जाते, त्यामुळे गटात उरतात त्या फक्त पैसे मिळाल्याच्या चित्रफिती.

कंपनीचे चालक दूरच्या शहरात किंवा परदेशात असतात. योजना बुडाल्यावर लोक दार ठोठावतात ते गावातल्या त्या तरुणाचे, जो बहुतेक वेळा स्वतःही बुडालेला असतो. शहरात ओळख न सांगता राहता येते. लहान गावात, जेथे लग्नकार्याचे व सोयरिकीचे संबंध याच घरांशी असतात, हा पैशांचा तंटा वर्षानुवर्षे राहतो.

== ओळखण्याची चिन्हे ==

वस्तू, तंत्रज्ञान किंवा कार्यालयाची भव्यता यांवरून योजना खरी की खोटी हे ठरत नाही. टोरेसकडे झगझगीत दालने होती आणि स्पीक एशियाकडे चालणारे संकेतस्थळ होते. निर्णायक प्रश्न एकच असतो: उद्यापासून एकही नवा सदस्य आला नाही, तर परतावा कोणाच्या पैशातून दिला जाईल? खऱ्या व्यवसायात याचे उत्तर ग्राहक असे असते, म्हणजे सदस्य नसलेला, फक्त वस्तू हवी म्हणून ती घेणारा माणूस. सदस्यांव्यतिरिक्त ती वस्तू त्या किमतीला कोणी घेत नसेल, तर ती वस्तू प्रवेशशुल्काची पावती म्हणूनच वापरली जात असते.

दुकानात दोनशे रुपयांना मिळणारी पावडर दोन हजारांना, किंवा बाजारभाव कोणालाच सांगता येत नाही असा खडा, चकती अथवा 'टोकन' विकले जाणे हे यामुळे महत्त्वाचे चिन्ह ठरते. आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेला परतावा हे दुसरे. शेअर बाजार, सोने, शेळीपालन किंवा आभासी चलन यांपैकी कोणताही व्यवसाय दर आठवड्याला सारखाच नफा देत नाही. रक्कम कंपनीच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या किंवा दर काही दिवसांनी बदलणाऱ्या यूपीआय खात्यावर मागणे, ॲप अधिकृत दुकानाऐवजी दुव्यावरून उतरवायला लावणे, आणि पैसे काढायच्या वेळी 'कर' किंवा 'प्रक्रिया शुल्क' आधी भरायला सांगणे ही ॲप-योजनांची विशेष चिन्हे आहेत.

कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक किंवा पॅन दाखवला जाणे हे विश्वासाचे कारण नव्हे. ही नोंदणी कोणत्याही कंपनीला मिळते आणि तिच्यातून लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना मिळत नाही. तो परवाना आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर आणि गुंतवणूक योजना असल्यास सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. सुरुवातीचा परतावा खात्यात जमा होणे हाही पुरावा ठरत नाही. पहिले काही हप्ते वेळेवर देणे हाच जाहिरातीचा खर्च असतो.

== कायदेशीर स्थिती ==

बक्षीस चिठ्ठी व पैसा अभिसरण योजना (बंदी) अधिनियम, १९७८ नुसार सदस्य नोंदणीशी निगडित घटनेवर पैसे देण्याचे वचन देऊन पैसे स्वीकारणारी योजना 'पैसा अभिसरण योजना' ठरते, मग तिचे नाव काहीही असो. कलम ३ ची बंदी केवळ चालकांपुरती नाही. सदस्य होणे, अन्य प्रकारे भाग घेणे आणि योजनेसाठी पैसे घेणे किंवा पाठवणे हेही त्यात येते. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपण फक्त ओळखीच्यांना सांगितले, कंपनी आपली नव्हती, हा बचाव या कलमापुढे दुबळा आहे. वस्तू खऱ्या असल्यानेही सुटका होत नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ॲमवेची तत्कालीन कमिशन-रचना या व्याख्येत येत असल्याचे म्हटले होते.

मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संचयिता इन्व्हेस्टमेंट्स प्रकरणात (पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध स्वपन कुमार गुहा) असे ठरवले, की केवळ भरमसाट व्याज देणे पुरेसे नाही. परतावा सदस्य नोंदणीशी संबंधित घटनेवर अवलंबून असल्याचे दिसले पाहिजे. त्यामुळे निव्वळ पाँझी योजना या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकतात. ही उणीव इतर कायद्यांनी भरून काढली. महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९, जो 'एमपीआयडी' या आद्याक्षरांनी ओळखला जातो, त्याखाली ठेवी बुडवणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना रक्कम वाटता येते. अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम, २०१९ ने १९७८ च्या कायद्याखालील पैसा अभिसरण योजनाही अनियंत्रित ठेव योजना मानल्या असून अशा ठेवी स्वीकारणाऱ्यास दोन ते सात वर्षे कारावासाची तरतूद केली आहे.

थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू आहेत. त्यांनुसार पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई असून विक्रेत्याकडून प्रवेशशुल्क किंवा नोंदणीशुल्क घेता येत नाही. कंपनीचे भारतात प्रत्यक्ष कार्यालय आणि तक्रार निवारण अधिकारी असणे बंधनकारक आहे. 'आम्ही थेट विक्री करतो' असे सांगत जॉइनिंगसाठी पैसे मागणारी कंपनी आपल्याच दाव्याविरुद्ध वागत असते.

== फसवणूक झाल्यास ==

पैसे नुकतेच पाठवले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करणे उपयोगी ठरते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. शहापूर व मुरबाड तालुके ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या क्षेत्रात येतात. शहापूर, मुरबाड, कसारा, वासिंद, किन्हवली व टोकावडे येथे पोलीस ठाणी आहेत. मोठ्या रकमेची प्रकरणे आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात.

ॲप बंद पडल्यावर त्यावरील शिल्लक व व्यवहार दिसेनासे होतात. म्हणून परतावा लांबू लागताच पडद्याची छायाचित्रे, यूपीआय व्यवहार क्रमांक, पैसे गेलेल्या खात्यांचा तपशील, गटातील संदेश आणि जोडणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवणे आवश्यक असते. रोखीने पैसे दिलेल्यांची अडचण सर्वांत मोठी असते. त्यांच्याकडे सांगण्याजोगा पुरावा बहुधा साक्षीदारांचाच असतो. एकाच योजनेतील अनेकांनी एकत्रित तक्रार दिल्यास योजनेचे खरे आकारमान पोलिसांपुढे येते आणि एमपीआयडी कायदा लावणे सुलभ होते. कमिशन मिळालेल्या सदस्याने तक्रार देताना ती रक्कम लपवू नये. बँकेच्या नोंदीतून ती तपासात समोर येतेच, आणि लपवलेली रक्कम त्याला तक्रारदाराच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर नेऊ शकते.

योजना बुडाल्यानंतर काही महिन्यांनी 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो' असे सांगणारे फोन येऊ लागतात. फोन करणाऱ्याकडे सदस्याचे नाव, भरलेली रक्कम आणि तारीख असते, कारण सदस्यांच्या याद्या विकल्या जातात. तो वकील, रिझर्व्ह बँकेचा अधिकारी किंवा न्यायालयाचा कर्मचारी असल्याची बतावणी करून आधी शुल्क मागतो. एमपीआयडी कायद्याखालील वाटपासाठी ठेवीदाराला आगाऊ शुल्क भरावे लागत नाही. त्याने आपला दावा पुराव्यासह सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवायचा असतो व जप्त मालमत्तेच्या विक्रीनंतर न्यायालयाच्या आदेशाने रक्कम वाटली जाते. ही प्रक्रिया अनेक वर्षे चालते आणि भरलेली सर्व रक्कम परत मिळतेच असे नाही.